स्वातंत्र्याच्या घंटेच्या दाराशी कोरलेली नऊ नावे

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेले आपल्याकडचे आईवडील पूर्व किनाऱ्याच्या सहलीत फिलाडेल्फियाला बहुधा जातातच आणि तडा गेलेल्या ‘लिबर्टी बेल’समोर, म्हणजे स्वातंत्र्याच्या घंटेसमोर, फोटो काढून घेतात. त्या इमारतीत शिरण्याआधी काही पावलांवर, छप्पर नसलेल्या एका घराच्या अर्ध्या भिंती आणि दारे-खिडक्यांच्या चौकटी उभ्या आहेत. १७९० ते १८०० या दहा वर्षांत फिलाडेल्फिया ही अमेरिकेची राजधानी होती आणि पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याच जागेवरच्या घरात राहत होते. त्यांच्याबरोबर, त्यांची सेवा करण्यासाठी, नऊ माणसे गुलाम म्हणून याच घरात ठेवलेली होती.

जानेवारी २०२६ मध्ये राष्ट्रीय उद्यान विभागाने या जागेवरचे गुलामगिरीविषयीचे माहितीफलक उतरवले. शहराच्या प्रशासनाने त्याविरुद्ध दावा लावला, फेब्रुवारीत संघीय न्यायालयाने फलक पुन्हा लावण्याचा आदेश दिला आणि सरकार अपिलात गेले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला ४ जुलै २०२६ रोजी अडीचशे वर्षे पूर्ण होतात, त्या वर्षातच हा वाद पेटला हा योगायोग म्हणता येणार नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वी मरण पावलेल्या माणसांवरून एवढा मोठा देश आज कोर्टात का भांडतो, हे समजून घ्यायचे तर थोडे मुळापासून सुरू करावे लागेल.

संस्थापक कोणाला म्हणतात आणि गुलाम कोणाला म्हणत

१७७६ मध्ये ब्रिटिश राजापासून फुटून निघण्याचा जाहीरनामा काढणारे, त्यासाठीचे युद्ध लढवणारे आणि १७८७ मध्ये राज्यघटना लिहिणारे जे पुढारी, त्यांना अमेरिकेत ‘संस्थापक’ म्हणतात. वॉशिंग्टन, थॉमस जेफरसन, जेम्स मॅडिसन, बेंजामिन फ्रँकलिन, जॉन ॲडम्स ही त्यांतली ठळक नावे. नोटांवर, नाण्यांवर, शाळांच्या पाट्यांवर आणि शहरांच्या नावांत ही मंडळी आहेत, त्यामुळे त्यांच्याविषयी काहीही बोलणे म्हणजे देशाविषयी बोलणे ठरते.

गुलाम या शब्दाबाबत आपल्या वाचकाची गल्लत होऊ शकते, कारण मराठीत आपण तो सैलपणे वापरतो. नोकरीचा गुलाम, सवयीचा गुलाम, असे आपण सहज म्हणतो. अमेरिकेतली गुलामगिरी मात्र कायद्याने माणसाला मालमत्ता ठरवणारी होती. माणूस विकत घेता येई, गहाण टाकता येई, भाड्याने देता येई, वारसांत वाटता येई, आणि आई गुलाम असेल तर तिचे मूल जन्मतःच त्याच मालकाचे होई, मग बाप कोणीही असो. जाहीरनाम्यात सगळी माणसे समान आहेत हे वाक्य लिहिले गेले तेव्हा तेराही वसाहतींत ही पद्धत कायदेशीर होती. १७९० च्या पहिल्या जनगणनेत सुमारे ३९ लाख लोकसंख्येपैकी जवळजवळ सात लाख माणसे गुलाम म्हणून नोंदली गेली; १८६० पर्यंत हा आकडा ४० लाखांच्या घरात गेला.

पहिल्या बारा राष्ट्राध्यक्षांपैकी दहा जणांनी आयुष्यात कधी ना कधी गुलाम बाळगले. न बाळगणारे दोघे म्हणजे जॉन ॲडम्स आणि त्यांचे पुत्र जॉन क्विन्सी ॲडम्स.

माउंट व्हर्ननचा हिशेब

वडील वारले तेव्हा जॉर्ज वॉशिंग्टन अकरा वर्षांचे होते आणि वारसाहक्काने दहा माणसांचे मालक झाले. १७९९ मध्ये त्यांचे निधन झाले त्या वर्षी माउंट व्हर्नन या त्यांच्या व्हर्जिनियातल्या जमीनजुमल्यावर ३१७ माणसे गुलामीत होती. त्यांपैकी १२३ त्यांच्या स्वतःच्या मालकीची, ४१ दुसऱ्यांकडून भाड्याने घेतलेली, आणि उरलेली १५३ ‘डॉवर’ हक्कातली होती.

हा डॉवर शब्द एकदा नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. आपल्याकडे पूर्वी घरातल्या विधवेला पोटगीसाठी जमिनीचा तुकडा हयातीपुरता लावून देत. पीक तिचे, पण तुकडा विकायचा हक्क तिला नाही आणि तिच्या पश्चात तो पुन्हा घराण्यात जायचा. व्हर्जिनियाच्या कायद्यात मृत नवऱ्याच्या मिळकतीतला असाच एक तृतीयांश वाटा विधवेला हयातीपुरता मिळे, आणि त्या वाट्यात जमिनीबरोबर माणसेही मोजली जात. मार्था वॉशिंग्टन यांचे पहिले पती डॅनियल कस्टिस मृत्युपत्र न करता वारले. त्यांच्या मिळकतीतून मार्थाबाईंकडे आलेली माणसे आणि त्यांची मुलेबाळे ही डॉवर हक्कातली. ती ना जॉर्ज यांच्या मालकीची होती ना मार्थाबाईंच्या; ती कस्टिस घराण्याच्या वारसांची होती.

वॉशिंग्टन यांच्या दातांची एक गोष्ट अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना सांगितली जाते की त्यांची कवळी लाकडाची होती. ती खरी नाही. त्यांच्या कवळ्यांत हस्तिदंत होते, धातू होता, जनावरांचे आणि माणसांचे दातही होते. १७८४ सालच्या त्यांच्या हिशेबाच्या वहीत एक नोंद आहे: नऊ दातांसाठी ‘निग्रोंना’ सहा पौंड दोन शिलिंग दिल्याची. ते दात वॉशिंग्टन यांच्याच कवळीत बसले की नाही, हे त्या नोंदीवरून ठरत नाही. दात देणाऱ्यांची नावेही वहीत नाहीत. त्यांना नाही म्हणता आले असते का, हा प्रश्न विचारण्याचीही त्या वहीत सोय नाही.

सहा महिन्यांचा कायदा आणि ओना जज

फिलाडेल्फिया ज्या पेनसिल्व्हेनिया राज्यात आहे, त्याने १७८० मध्येच गुलामगिरी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा केला होता. बाहेरच्या राज्यातून आलेल्या मालकाने आपला गुलाम तिथे सलग सहा महिने ठेवला, तर त्या माणसाला स्वातंत्र्य मागता येई. १७९१ मध्ये ही अडचण वॉशिंग्टन यांच्या लक्षात आली आणि त्यांनी सचिव टोबायस लिअर यांना पत्र लिहिले. मुदत भरण्याआधी या माणसांना राज्याबाहेर फिरवून आणावे आणि हे त्यांना स्वतःला वा लोकांना कळणार नाही अशा बेताने करावे, असा त्या पत्राचा आशय आहे. नदीपलीकडच्या न्यू जर्सीत थोडा काळ नेले तरी सहा महिन्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून धरता येत असे. अशा फिरवाफिरवीला १७८८ च्या दुरुस्तीने मनाई केलेली होती. हे पत्र आजही उपलब्ध आहे आणि ते विरोधकांनी रचलेले नसून राष्ट्राध्यक्षांचे स्वतःचे आहे. १७९३ मध्ये पळून गेलेल्या गुलामांना पकडून परत देण्याच्या कायद्यावरही त्यांचीच सही आहे.

या घरातल्या नऊ जणांत ओना जज ही विशीतली तरुणी होती. मार्थाबाईंचे कपडे, केस, शिवणकाम हे सारे तिच्याकडे असे. आपल्याला मार्थाबाईंच्या नातीला लग्नानिमित्त देऊन टाकणार आहेत, हे तिला कळले. उन्हाळ्यात व्हर्जिनियाला परतण्यासाठी घरात सामानाची बांधाबांध सुरू होती, त्या गडबडीत तिनेही आपले सामान बांधले, ते आधीच शहरातल्या काळ्या स्नेह्यांकडे पोहोचवले, आणि २१ मे १७९६ रोजी घरातली मंडळी जेवायला बसलेली असताना ती दाराबाहेर पडली. व्हर्जिनियाला परत गेलो तर पुन्हा सुटका नाही, हे तिला ठाऊक होते, असे तिने म्हातारपणी सांगितले. तिला पकडून देणाऱ्यास दहा डॉलर इनाम, अशी जाहिरात वर्तमानपत्रात आली.

ती जहाजाने न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला पोहोचली. वॉशिंग्टन यांनी तिथल्या जकात अधिकाऱ्यामार्फत तिला परत बोलावण्याचा प्रयत्न केला. तिने कळवले की तुमच्या दोघांच्या पश्चात मला मुक्त करण्याचे वचन द्याल तर येते. राष्ट्राध्यक्षांनी हा सौदा नाकारला. ती परत गेली नाही. तिचे लग्न झाले, मुले झाली, हालअपेष्टा पुष्कळ झाल्या, आणि १८४८ मध्ये ती वारली तेव्हाही कायद्याच्या दृष्टीने ती कस्टिस घराण्याची फरार मालमत्ताच होती. १८४० च्या दशकात वर्तमानपत्रांसाठी तिला काही जण भेटले. मालकिणीच्या घरी यापेक्षा कमी कष्ट होते, मग पळून आल्याचा पस्तावा होतो का, असे विचारल्यावर तिने नाही असे उत्तर दिले, आपण मुक्त आहोत एवढे कारण तिला पुरेसे होते.

हर्क्युलिस हा त्याच घरातला नामांकित आचारी. तो पुढच्या वर्षी, २२ फेब्रुवारी १७९७ रोजी, माउंट व्हर्ननहून निघून गेला. तो वॉशिंग्टन यांचा पासष्टावा वाढदिवस होता.

राज्यघटनेत शब्द नाही, हिशेब आहे

१७८७ ची राज्यघटना वाचली तर मूळ मजकुरात गुलाम हा शब्द कुठेही सापडत नाही. ‘इतर व्यक्ती’ असा आडवळणाचा प्रयोग सापडतो. कोणत्या राज्याला प्रतिनिधिगृहात किती जागा हे लोकसंख्येवर ठरणार होते आणि त्यासाठी गुलामांची गणती पाचास तीन या प्रमाणात करायची, असे ठरले.

एखाद्या हाउसिंग सोसायटीची कल्पना करा. सर्वसाधारण सभेत घरात जितकी माणसे तितकी मते, असा नियम आहे. एक सभासद म्हणतो, माझ्याकडे राबणारी पाच माणसे सभेला येणार नाहीत, त्यांना बोलता येणार नाही, पण त्यांच्या नावावर तीन मते मला मिळाली पाहिजेत. सोसायटी फुटू नये म्हणून बाकीचे ते मान्य करतात. पुढे प्रत्येक ठरावात त्या सभासदाचे वजन वाढते आणि त्या पाच जणांना मोकळे करण्याचा ठराव आला तर तो पाडायलाही त्यांच्याच नावावरची मते कामी येतात. अमेरिकेत हेच झाले. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मंडळातही हा वाढीव हिस्सा मोजला जाई. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन यांचा विजय या जादा मतांमुळे झाला, असे गणित बरेच इतिहासकार मांडतात.

म्हणून गुलामगिरी ही संस्थापकांची खासगी बाब होती, घरातली गोष्ट होती, हे म्हणणे मला पटत नाही. ती त्यांच्या घरात होती आणि त्यांनी लिहिलेल्या घटनेच्या मोजमापातही होती.

जेफरसन: वाक्य आणि वाडा

सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, हे वाक्य लिहिणाऱ्या थॉमस जेफरसन यांच्या मालकीची आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे होती. जाहीरनाम्याच्या त्यांच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल ब्रिटिश राजाला दोष देणारा एक तिखट परिच्छेद होता. तो प्रतिनिधींनी वगळला. राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी परदेशातून गुलाम आणण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली, ती १८०८ पासून लागू झाली. आणि त्याच काळात मॉन्टिसेलो या त्यांच्या टेकडीवरच्या वाड्यालगत खिळ्यांचा कारखाना होता, जिथे दहा ते सोळा वर्षांची गुलाम मुले खिळे ठोकत. हे सगळे एकाच माणसाच्या आयुष्यातले आहे, आणि त्यातले एक खरे ठरवण्यासाठी दुसरे खोटे ठरवावे लागत नाही.

सॅली हेमिंग्ज ही जेफरसन यांच्या दिवंगत पत्नीची सावत्र बहीण होती, कारण दोघींचे वडील एकच. पण सॅलीची आई गुलाम होती, म्हणून सॅलीही गुलाम. चौदाव्या वर्षी ती जेफरसन यांच्या मुलीबरोबर पॅरिसला गेली, तेव्हा जेफरसन चव्वेचाळीस वर्षांचे होते. फ्रान्समध्ये तिला स्वातंत्र्य मागता आले असते. तिचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज याने १८७३ मध्ये ओहायोतल्या एका वर्तमानपत्राला सांगितले की, होणारी मुले एकवीस वर्षांची झाली की मुक्त केली जातील, या वचनावर ती परत आली, आणि आम्ही जेफरसन यांचीच मुले आहोत. सव्वाशे वर्षे या सांगण्याला प्रतिष्ठित इतिहासकारांनी फारशी किंमत दिली नाही.

१९९८ मध्ये जनुकीय चाचणी झाली. तिचे तत्त्व आपल्या आडनावासारखे आहे. आडनाव जसे बापाकडून मुलाकडे जाते, तसे वाय नावाचे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे बहुतांशी जसेच्या तसे उतरते. जेफरसन यांच्या चुलत्याच्या पुरुष वंशजांचे आणि सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या पुरुष वंशजाचे वाय गुणसूत्र जुळले. एवढ्यावरून बाप जेफरसन घराण्यातला पुरुष होता इतकेच सिद्ध होते, असा आक्षेप काही जण घेतात आणि तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर आहे. परंतु सॅलीच्या प्रत्येक मुलाच्या गर्भधारणेच्या सुमारास जेफरसन मॉन्टिसेलोतच होते, हे त्यांच्या स्वतःच्या नोंदींवरून दिसते. मॅडिसनची साक्ष आहे. आणि सॅलीची हयात चारही मुले गुलामीतून सुटली, हेही आहे. हे सारे एकत्र ठेवून मॉन्टिसेलो चालवणाऱ्या संस्थेने २००० मध्ये पितृत्व मान्य केले.

मला या प्रकरणात चाचणीपेक्षा खोली अधिक बोलकी वाटते. वाड्याच्या दक्षिण बाजूला जिथे सॅली राहत असावी असे मानले जाते, त्या जागी १९४१ मध्ये पर्यटकांसाठी स्वच्छतागृह बांधले गेले होते. लाखो माणसे जेफरसन यांचे ग्रंथालय पाहून त्या जागी जाऊन आली असतील. ते काढून, मूळ जमिनीपर्यंत उकरून, २०१८ मध्ये ती खोली तिच्या नावाने खुली करण्यात आली.

जेफरसन ४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्याच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी, डोक्यावर प्रचंड कर्ज ठेवून वारले. मृत्युपत्रात त्यांनी पाच पुरुषांना मुक्त केले. १८२७ च्या जानेवारीत मॉन्टिसेलोच्या हिरवळीवर उरलेल्यांपैकी १३० जणांचा लिलाव पुकारण्यात आला. मुक्त झालेल्या पाचांत लोहार जोसेफ फॉसेट होता. त्याच लिलावात त्याचा अकरा वर्षांचा मुलगा पीटर विकला गेला. पीटर पुढे मुक्त झाला, सिनसिनाटीत धर्मोपदेशक झाला आणि १९०० मध्ये, म्हातारपणी, ते घर पुन्हा पाहून आला.

“त्या काळी सगळेच तसे वागत”

हा सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप आहे आणि त्यात तथ्याचा अंश आहे. गेलेल्या काळातल्या माणसाला आजच्या फूटपट्टीने मोजू नये, हे तत्त्व मला मान्य आहे. पण मग त्या काळाची फूटपट्टी तरी पूर्ण घ्यायला हवी. व्हर्मांटने १७७७ च्या आपल्या घटनेत प्रौढांच्या गुलामगिरीला बंदी घातली. मॅसॅच्युसेट्समध्ये १७८१ साली एलिझाबेथ फ्रीमन या गुलाम स्त्रीने राज्याच्या घटनेतल्या समानतेच्या कलमावर बोट ठेवून दावा जिंकला. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक उघडपणे विरोधात होते. फ्रँकलिन यांनी स्वतः गुलाम बाळगले होते, तरी उतारवयात ते गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले आणि १७९० मध्ये, मृत्यूच्या दोन महिने आधी, त्यांच्या सहीने काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, गुलामगिरीविरुद्ध अर्ज गेला. व्हर्जिनियातलाच बडा जमीनदार रॉबर्ट कार्टर याने १७९१ मध्ये साडेचारशेहून अधिक माणसांना मुक्त करण्याची लेखी तजवीज केली. त्याच वर्षी बेंजामिन बॅनेकर या मुक्त काळ्या गणितज्ञाने जेफरसन यांना त्यांच्याच वाक्याची आठवण करून देणारे पत्र पाठवले, आणि जेफरसन यांनी त्याला सभ्य उत्तरही दिले.

शिवाय ‘सगळे’ म्हणताना आपण कोणाला मोजतो, हे पाहावे लागते. ओना जज त्याच काळातली होती. हर्क्युलिस त्याच काळातला होता. त्या सात लाख माणसांना त्या काळी गुलामगिरी योग्य वाटत होती असे कोणी म्हणणार नाही.

“पण वॉशिंग्टन यांनी गुलामांना मुक्त केले होते ना?”

केले, आणि हे ठळकपणे सांगायलाच हवे, कारण गुलाम बाळगणाऱ्या बड्या संस्थापकांमध्ये असे करणारे ते जवळजवळ एकटेच. जुलै १७९९ मध्ये लिहिलेल्या मृत्युपत्रात त्यांनी आपल्या मालकीच्या सर्वांना पत्नीच्या निधनानंतर मुक्त करण्याचे ठरवले. युद्धभर सावलीसारखा सोबत असलेल्या विल्यम ली याला तत्काळ मुक्त करून वर्षाला तीस डॉलर लावून दिले. म्हाताऱ्यांच्या अन्नवस्त्राची आणि मुलांच्या शिक्षणाची तरतूद सांगितली. मार्थाबाईंनी वाट न पाहता १ जानेवारी १८०१ पासून त्या सर्वांना मोकळे केले.

मात्र डॉवर हक्कातली १५३ माणसे यात नव्हती. दोन्ही गटांत लग्ने झालेली होती, त्यामुळे एकाच घरात बाप मुक्त आणि आई-मुले गुलाम, अशी फाळणी झाली. १८०२ मध्ये मार्थाबाई वारल्यावर ती आई-मुले कस्टिस वारसांत वाटली गेली.

१४ डिसेंबर १७९९ रोजी वॉशिंग्टन शेवटच्या घटका मोजत होते, तेव्हा त्यांचा खासगी सेवक ख्रिस्तोफर शील्स सकाळपासून पलंगाशी उभा होता. हा बराच वेळ उभा आहे हे पाहून बोलण्याचे त्राण नसलेल्या वॉशिंग्टन यांनी खुणेने त्याला खुर्चीवर बसायला सांगितले, असे लिअर यांनी लिहून ठेवले आहे. ख्रिस्तोफर हा फिलाडेल्फियातल्या त्या नऊ जणांपैकी एक. तो डॉवर हक्कातला होता. मृत्युपत्राने तो सुटला नाही.

नोंद कशी बदलत गेली

संस्थापकांची घरे शंभर-दीडशे वर्षे देवळासारखी जपली गेली. तिथले वाटाडे फर्निचर, बाग आणि मालकाची बुद्धिमत्ता यांविषयी बोलत. राबणाऱ्यांचा उल्लेख आला तर तो ‘सेवक’ असा. आज तिथे बहुतेक ठिकाणी ‘गुलाम’ हे नामही टाळून ‘गुलामीत ठेवलेली माणसे’ असे म्हणतात, कारण गुलाम म्हटले की ती त्या माणसाची जात वाटते, आणि गुलामीत ठेवलेला म्हटले की ठेवणारा कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

आपल्याकडच्या सातबाऱ्यावरून हा बदल चांगला समजतो. सातबाऱ्यावर मालकाचे नाव असते. प्रत्यक्ष कसणाऱ्याचे नाव कूळ म्हणून लागलेच नाही, तर दोन पिढ्यांनी ती जमीन कोणाच्या घामावर पिकली याचा कागदोपत्री मागमूस उरत नाही. कुळाची आणि अमेरिकन गुलामाची स्थिती एक नव्हे, साम्य नोंदीपुरतेच आहे. गेल्या तीसेक वर्षांत मॉन्टिसेलोने वंशजांच्या मौखिक आठवणी गोळा केल्या, माउंट व्हर्ननने २०१४ पासून गुलामांच्या बिनखुणेच्या दफनभूमीत एकेक कबर शोधायला घेतली, आणि संस्थापक जेम्स मॅडिसन यांच्या माँटपेलियर या घरी तर वंशजांना कारभारात निम्मा वाटा देण्यावरून २०२२ मध्ये मोठा संघर्ष होऊन अखेर तो वाटा मिळाला. ही सारी नवी नावे जुन्याच उताऱ्यावर चढत आहेत. त्यासाठी मालकाचे नाव कोणी खोडलेले नाही.

फिलाडेल्फियातही असेच घडले. २००२ च्या सुमारास घंटेची नवी इमारत बांधताना लक्षात आले की तिचे प्रवेशद्वार राष्ट्राध्यक्षांच्या घरातल्या गुलामांच्या निवासाच्या जागेला लागून येते. काळ्या नागरिकांनी आंदोलन केले, २००७ च्या उत्खननात स्वयंपाकघराचा पाया आणि जमिनीखालची वाट सापडली, आणि डिसेंबर २०१० मध्ये स्मारक खुले झाले.

“मग पुतळे पाडायचे का?”

इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. १८६१ मध्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी देशातून फुटणाऱ्या दक्षिणेच्या सेनानींचे पुतळे ही एक गोष्ट; त्यांची सार्वजनिक ओळखच त्या फुटण्यावर उभी आहे. संस्थापकांचे तसे नाही. त्यांचा सन्मान होतो तो देश उभारण्यासाठी, गुलाम बाळगण्यासाठी नव्हे.

तरीही न्यूयॉर्क नगर परिषदेच्या सभागृहातला जेफरसन यांचा पुतळा २०२१ मध्ये हलवून एका इतिहास संग्रहालयाकडे देण्यात आला, आणि मला तो निर्णय समजण्यासारखा वाटतो, कारण त्या सभागृहात आज बसणाऱ्या काही सदस्यांचे पूर्वज जेफरसन यांच्या काळात विकले जात होते. याउलट २०२० मध्ये पोर्टलंडमध्ये जमावाने जेफरसन यांचा पुतळा ओढून पाडला, त्यातून कोणाला काही नवे कळले नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या शिक्षण मंडळाने २०२१ मध्ये वॉशिंग्टन आणि लिंकन यांच्यासह ४४ शाळांची नावे बदलण्याचे ठरवले, तपशिलांच्या चुका उघड झाल्या आणि काही महिन्यांत ठराव मागे घ्यावा लागला. नाव पुसण्यापेक्षा शेजारी नाव लावणे कठीण असते, कारण त्यासाठी कागद वाचावे लागतात.

“मुलांना स्वतःच्या देशाची लाज का शिकवायची?”

सध्याच्या सरकारचा आक्षेप साधारण हाच आहे. मार्च २०२५ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशात म्हटले की संघीय स्मारकांवर भूतकाळातल्या किंवा आजच्या अमेरिकनांची अनुचित नालस्ती करणारा मजकूर नसावा. देशाबद्दल आपुलकी वाटावी ही इच्छा चुकीची नाही, आणि काही ठिकाणी संस्थापकांचे कर्तृत्व एका वाक्यात उरकून दोष पानभर लिहिले जातात हेही खरे आहे.

पण नालस्ती म्हणजे खोटे किंवा एकांगी बोलणे. ओना जज २१ मे रोजी जेवणाच्या वेळी घरातून निघाली, हे सांगण्यात नालस्ती कोणती? तिची जाहिरात त्या घरानेच छापवली होती. आणि तिच्या वंशगटातल्या शाळकरी वयाच्या मुलीला, म्हणजे आजच्या एखाद्या काळ्या अमेरिकन विद्यार्थिनीला, त्या जागी उभे राहून लाज वाटायचे काहीच कारण नाही. तिच्या दृष्टीने तो देशाच्या पायाभरणीत आपली माणसे कुठे होती याचा पत्ता आहे. स्वतः गुलामीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८५२ मध्ये ४ जुलैच्या निमित्ताने केलेल्या भाषणात गोऱ्या श्रोत्यांना सांगितले होते की हा सण तुमचा आहे, माझा नाही. आणि त्याच भाषणात त्यांनी संस्थापकांना शूर माणसे म्हटले होते. दोन्ही एका श्वासात म्हणता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

आपल्याकडचा एक धागा

१८७३ मध्ये, म्हणजे मॅडिसन हेमिंग्ज ओहायोत आपली कहाणी सांगत होता त्याच वर्षी, पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेच्या लोकांना अर्पण केले. अर्पणपत्रिकेत अमेरिका स्थापन करणाऱ्यांचा गौरव नाही. गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी ज्यांनी औदार्य आणि निरपेक्ष वृत्ती दाखवली, त्या लोकांचा आहे, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र बांधवांच्या सुटकेसाठी तो कित्ता गिरवावा अशी आशा आहे. फुले कधी अमेरिकेला गेले नव्हते. त्या देशाच्या इतिहासातून नेमके काय उचलायचे, हे त्यांना पुण्यात बसून ठाऊक होते.

फिलाडेल्फियातले फलक उतरवले गेले तेव्हा ते भिंतीवरून सुटे करता येण्यासारखे होते. एका भिंतीवर मात्र नावे कोरलेली आहेत, आणि ती फलक गेल्यावरही तिथेच राहिली: ऑस्टिन, पॅरिस, हर्क्युलिस, ख्रिस्तोफर शील्स, रिचमंड, जाइल्स, ओनी (म्हणजेच ओना) जज, मॉल, जो. यापुढे घंटा पाहायला जाणाऱ्यांनी रांगेत शिरण्याआधी डावी-उजवीकडे पाहून ती भिंत शोधावी.